नवशिक्याच्या वस्तुचित्राचा सराव तपासताना : पहिल्यांदाच अभिप्राय देणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा जवळ आल्या की गावोगावच्या चित्रकला वर्गांत सरावाच्या कागदांचा ढीग वाढू लागतो. तो तपासण्याचे काम बहुधा अशा कुणाकडे येते, ज्याने नुकतीच ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) पूर्ण केली आहे किंवा स्वतः काही वर्षांपूर्वी इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळवली आहे. अशा व्यक्तीला तांब्या उत्तम काढता येतो. पण दुसऱ्याने काढलेल्या वाकड्या तांब्याकडे पाहून नेमके काय बोलावे, हे तिला कुणी शिकवलेले नसते. अनेक वर्षे असे कागद तपासल्यानंतर जी पद्धत माझ्या हातात बसली, ती येथे क्रमाने मांडली आहे. घरी मुलांचा सराव पाहणाऱ्या पालकांना आणि मोठ्या वयात चित्रकला शिकणाऱ्या मित्राला मदत करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

या सगळ्यामागे माझी एक ठाम धारणा आहे. अभिप्राय ऐकून विद्यार्थ्याची नजर पुन्हा समोरच्या वस्तूकडे गेली पाहिजे. ती जर तपासणाऱ्याच्या चेहऱ्याकडे किंवा शेजारच्या मुलाच्या कागदाकडे गेली, तर तो अभिप्राय कितीही अचूक असला तरी वाया गेला असे मी मानतो.

जवळ ठेवायचे साहित्य

- ट्रेसिंग पेपरचे काही तुकडे. तपासणाऱ्याचे हे सर्वांत महत्त्वाचे साधन आहे.
- एक लाल किंवा निळी रंगीत पेन्सिल आणि लांब पट्टी. दोन्ही फक्त ट्रेसिंग पेपरवर वापरण्यासाठी.
- एचबी, २बी आणि ४बी पेन्सिली.
- विणकामाची सुई किंवा सायकलची सरळ तार, मापे घेऊन दाखवण्यासाठी.
- दोऱ्याला लहानसे वजन बांधून केलेला ओळंबा.
- हातात मावेल असा आरसा.
- ज्या वस्तू पाहून चित्र काढले त्या वस्तू, शक्यतो त्याच मांडणीत. मांडणी मोडलेली असेल तर विद्यार्थ्याच्या बसण्याच्या जागेवरून, त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून घेतलेला फोटो.

शेवटची गोष्ट नसेल तर कागद तपासायला घेऊच नये. वस्तू समोर नसताना केलेली तपासणी म्हणजे आपल्या मनातल्या तांब्याशी विद्यार्थ्याच्या तांब्याची तुलना असते, आणि ती त्याच्या काहीही कामाची नसते.

१. सराव कशासाठी दिला होता, ते आधी आठवा

सरळ रेषांचा सराव, लंबवर्तुळांचा सराव, खोक्यांचा सराव, भांड्यांचे रेखांकन आणि छटांचा सराव यांपैकी प्रत्येकाचा हेतू वेगळा आहे. रेषांच्या सरावात हात न अडखळता चालला का, एवढेच पाहायचे असते. खोक्याच्या सरावात कडांची दिशा पाहायची असते. तेथे रेषा थोडी थरथरली तरी चालते. ज्या गोष्टीसाठी सराव दिलाच नव्हता तिच्यावर टीका केली, तर विद्यार्थी गोंधळतो आणि पुढच्या वेळी सगळेच एकदम सुधारायच्या प्रयत्नात मूळ हेतू हरवून बसतो. म्हणून कागद हातात घेतल्यावर आधी विचारावे, “आज यात काय साधायचं होतं?” त्याला ते सांगता आले नाही, तर चूक त्याच्या चित्रात शोधण्याआधी आपण दिलेल्या सूचनेत शोधावी.

२. तो कसा बसला होता, ते विचारा

बऱ्याच चुका हाताच्या नसतात, बैठकीच्या असतात. विद्यार्थी ड्रॉइंग बोर्ड मांडीवर किंवा टेबलावर सपाट ठेवून काढत असेल, तर कागदाचा वरचा भाग त्याच्या डोळ्यांपासून दूर जातो आणि तिरका, आखूड दिसतो. ते आखूडपण भरून काढण्यासाठी त्याचा हात नकळत भांडे उभट काढतो. बसल्या जागी चित्र बरोबर वाटते, आणि कागद भिंतीला टेकवला की तांब्याची सुरई झालेली दिसते. अशा वेळी प्रमाणाबद्दल व्याख्यान देण्याचे कारण नाही. बोर्डाची वरची बाजू उचलून तो नजरेला काटकोनात येईल असा टेकवायला सांगावा.

दुसरी बाब डोक्याची. चित्र सुरू करताना विद्यार्थी ताठ बसलेला असतो आणि अर्ध्या तासाने तो पुढे वाकतो. त्यामुळे भांड्याचे तोंड एका उंचीवरून पाहिलेले आणि बूड दुसऱ्या उंचीवरून पाहिलेले, असे चित्र तयार होते. स्टुलाच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवल्या, तर उठून पुन्हा बसताना जागा तरी बदलत नाही.

३. आधी दुरून पाहा, आणि ठरलेल्या क्रमाने पाहा

कागद उभा करून चार-पाच पावले मागे जावे आणि विद्यार्थ्यालाही सोबत न्यावे. जवळून फक्त रेषा दिसतात. दुरून चित्र दिसते. त्यानंतर पाहण्याचा क्रम असा ठेवावा: कागदावरची मांडणी, वस्तूंचे एकमेकींशी प्रमाण, प्रत्येक वस्तूचा कल आणि मध्यरेषा, मग लंबवर्तुळे आणि कडा, आणि सर्वांत शेवटी छटा. हा क्रम मोडू नये, कारण वरची चूक खालच्या सगळ्या गोष्टींत उतरते. बादली मुळातच अरुंद काढलेली असेल, तर तिच्या कडीवरची सुंदर चमक दुरुस्त करण्यात काही अर्थ नाही.

मांडणीबद्दल नवशिक्यांची चूक बहुधा एकच असते: पानाच्या मधोमध, किंवा त्याहून वाईट म्हणजे एका कोपऱ्यात, लहानसे चित्र. क्वार्टर इम्पिरियल, म्हणजे साधारण १५ × ११ इंचांच्या कागदावर, तीन वस्तूंच्या मांडणीने बहुतेक जागा व्यापलेली असावी.

प्रमाण तपासताना आकडा आपण सांगू नये. सुई त्याच्या हातात द्यावी, एक डोळा मिटायला लावावा, कोपर पूर्ण ताठ ठेवायला सांगावे, आणि भांड्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते त्यालाच मोजू द्यावे. कोपराकडे लक्ष ठेवावे. रुंदी ताठ हाताने आणि उंची किंचित वाकलेल्या हाताने मोजली जाते, आणि मग माप घेऊनही प्रमाण का चुकते हे विद्यार्थ्याला कळत नाही.

४. रेषांचा सराव

एका लांब रेषेऐवजी लहान लहान तुकडे एकमेकांवर चढवून केलेली केसाळ रेषा प्रत्येक नवशिक्याच्या कागदावर दिसते. ती भीतीची खूण आहे. चुकू नये म्हणून तो थोडेथोडे पुढे सरकत असतो. तिला “घाणेरडी” किंवा “अस्वच्छ” म्हटले, की तो खोडरबर उचलतो आणि रेषा आणखी भित्री होते. त्याऐवजी काय करायचे ते सांगावे: दोन ठिपके द्यावेत, पेन्सिल टेकवण्याआधी हात दोन-तीनदा हवेत त्या मार्गावरून फिरवावा, आणि मग खांद्यातून हात हलवत एकाच दमात रेषा ओढावी. ती ठिपक्याच्या पुढे गेली किंवा थोडी बाजूने गेली तरी मान्य करावी. मनगटातून काढलेली लांब रेषा स्वभावतः कमानीसारखी वळते, त्यामुळे कागदावरच्या सगळ्या रेषा एकाच बाजूला वाकलेल्या दिसल्या की हात कुठून हलतो आहे ते लगेच कळते.

येथे पट्टी लावून सरळपणा मोजण्याचा मोह होतो. तो टाळावा. मुक्तहस्त रेषेला पट्टीच्या रेषेची बरोबरी करायची नसते.

५. लंबवर्तुळे आणि भांडी

एलिमेंटरीच्या वस्तुचित्रासाठी तांब्या, जग, किटली, बादली, कप-बशी अशा वस्तू मुले सतत काढतात, आणि या सगळ्यांचा प्राण लंबवर्तुळात असतो. तपासणाऱ्याने आपला सर्वाधिक वेळ येथे द्यावा, असे माझे मत आहे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे गोल तोंड आणि सपाट बूड. विद्यार्थ्याला ठाऊक असते की भांडे टेबलावर सपाट बसलेले आहे, म्हणून तो बुडाशी आडवी सरळ रेषा ओढतो. प्रत्यक्षात डोळ्याच्या पातळीच्या खाली जसजसे जावे, तसतसे आडवे वर्तुळ अधिक उघडत जाते. टेबलावरच्या उभ्या पेल्याचे तोंड जेवढे चपटे दिसते, त्यापेक्षा त्याचे बूड अधिक गोलसर दिसते. म्हणजे बुडाच्या लंबवर्तुळाची उंची त्याच्या रुंदीच्या मानाने जास्त असते. हे समजावण्यासाठी पारदर्शक काचेचा पेला अर्धा पाण्याने भरावा आणि विद्यार्थ्याच्या डोळ्यासमोर हळूहळू वर-खाली करावा. तोंड, पाण्याची पातळी आणि बूड ही तीन लंबवर्तुळे त्याला एकाच वेळी दिसतात. पेल्याचे तोंड डोळ्याच्या बरोबर पातळीला आले की ते नुसती रेष होते. हे एकदा पाहिल्यावर नियम पाठ करायची गरज उरत नाही.

दुसरी चूक टोकांची. लंबवर्तुळाच्या दोन्ही बाजू लिंबाच्या फोडीसारख्या टोकदार होतात, कारण विद्यार्थी वरची कमान आणि खालची कमान वेगवेगळी काढून जोडतो. लंबवर्तुळाला कोपरा कधीच नसतो, ते कितीही चपटे असले तरी. हात न उचलता दोन वेळा फिरवून पूर्ण लंबवर्तुळ काढायला सांगावे, मग भांड्याच्या मागे लपणारा भाग हवा तर पुसावा.

तिसरी चूक बहुतेकदा आपल्यासारख्यांच्याच सांगण्यातून जन्माला येते. “पुढची अर्धी बाजू मोठी दिसते” असे आपण सांगतो, ते अर्धसत्य आहे. वर्तुळाचा जवळचा अर्धा भाग चित्रात जास्त जागा घेतो हे खरे. पण त्यामुळे वर्तुळाचा खरा मध्य लंबवर्तुळाच्या मध्यापासून थोडा मागे सरकतो, एवढेच होते. लंबवर्तुळ स्वतः दोन्ही अक्षांवर सममितच राहते. ते न सांगितल्यामुळे मुले अंड्याच्या आकाराची तोंडे काढतात. म्हणून ते वाक्य नवशिक्यासमोर उच्चारूच नये असे मी सुचवीन.

चौथी चूक आडव्या पडलेल्या भांड्यात दिसते. लवंडलेल्या तांब्याचे तोंड विद्यार्थी सवयीने उभे किंवा आडवे काढतो. येथे एकच कसोटी पुरते: लंबवर्तुळाचा आखूड अक्ष, म्हणजे त्याच्या मधून जाणारी सर्वांत आखूड रेषा, भांड्याच्या मध्यरेषेच्या दिशेत असला पाहिजे. ट्रेसिंग पेपर ठेवून आधी भांड्याची मध्यरेषा ओढावी, मग तोंडाचा आखूड अक्ष ओढावा. दोन्ही जुळत नसतील तर विद्यार्थ्याला ते आपोआप दिसते.

उभ्या भांड्याच्या दोन बाजू सारख्या आल्या आहेत का, हे पाहण्यासाठी ट्रेसिंग पेपरवर मध्यरेषा आणि डावी कड उतरवावी, कागद उलटा करून मध्यरेषेवर मध्यरेषा बसवावी, आणि फरक उजव्या कडेवर पाहावा. “तुझा तांब्या वाकडा आहे” हे ऐकणे आणि स्वतःच्या हाताने कागद उलटवून वाकडेपणा नेमका गळ्याशी आहे की पोटाशी, हे पाहणे यांत फार अंतर आहे. आरशानेही हेच काम होते, कारण उलट्या प्रतिमेत सवयीची नजर फसत नाही. मध्यरेषा स्वतःच कललेली आहे का, ते ओळंब्याने तपासावे.

६. खोके आणि पेट्या

खोक्यात नवशिके मागची बाजू पुढच्याइतकीच, पुष्कळदा तिच्याहून मोठी काढतात. खोक्याच्या समोरासमोरच्या कडा सारख्या आहेत हे ज्ञान डोळ्यांवर मात करते. ट्रेसिंग पेपरवर एकाच दिशेच्या कडा रंगीत पेन्सिलीने दूरपर्यंत वाढवाव्यात. त्या मागे जाताना एकमेकींजवळ यायला हव्यात. दूर जात असतील तर चूक उघड होते. टेबलावरच्या, म्हणजे डोळ्याच्या पातळीखालच्या खोक्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. खालच्या कडांचा तिरपेपणा वरच्या कडांपेक्षा जास्त असतो. आणि कोपरा आपल्याकडे करून ठेवलेल्या खोक्याच्या बुडाशी, सर्वांत जवळच्या कोपऱ्यात, दोन कडांमधला कोन ९० अंशांहून मोठा दिसतो. तो काटकोन किंवा त्याहून लहान आला की खोके पुढे घरंगळल्यासारखे वाटते.

व्हॅनिशिंग पॉइंटची, म्हणजे मागे जाणाऱ्या समांतर कडा वाढवल्यावर ज्या बिंदूत मिळतात त्याची, संपूर्ण कल्पना पहिल्या खोक्यावरच सांगण्याची घाई करू नये. कडा जवळ येतात एवढे दिसू लागणे पुरेसे आहे.

७. छटा

छटांवर बोलण्याआधी रेखांकन मान्य झालेले असावे. मग विद्यार्थ्याला डोळे किलकिले करून वस्तूकडे पाहायला सांगावे. बारीकसारीक तपशील विरतात आणि फिकट, मध्यम, गडद असे तीन मोठे भाग उरतात. ते तीन भाग चित्रात आहेत का, एवढेच विचारावे. बोटाने घासून केलेली गुळगुळीत करडी छटा, छटा भरल्यावर पुन्हा सभोवार गिरवलेली काळी बाह्यरेषा, आणि प्रकाश डावीकडून असताना कुठेतरी मागे लटकणारी पडछाया, हे नेहमीचे दोष आहेत. पडछाया वस्तूच्या बुडाला चिकटलेली असते आणि तेथेच सर्वांत गडद असते. तेवढे दुरुस्त झाले की भांडे टेबलावर बसते.

८. बोलताना एकच दुरुस्ती

कागदावर दहा चुका दिसतात म्हणून दहा सांगू नयेत. वरच्या क्रमात जी सर्वांत आधी येते, ती एक सांगावी आणि पुढचा सराव तिच्यासाठी द्यावा. बाकीच्या आपल्या वहीत टिपून ठेवाव्यात.

वाक्य कसे असावे, याची काही उदाहरणे:

“छान आहे, सराव चालू ठेव.” या वाक्यातून विद्यार्थ्याला काहीच मिळत नाही.

“लंबवर्तुळं जमत नाहीत तुला.” येथे चूक विद्यार्थ्याची झाली, चित्राची राहिली नाही.

“किटलीचं तोंड आणि बूड दोन्ही बघ. कुठलं जास्त उघडं दिसतंय? आता तुझ्या कागदावर कुठलं जास्त उघडं आहे?” हे वाक्य त्याला वस्तूकडे नेते आणि मग कागदाकडे आणते. उत्तर त्याचे त्याला सापडते.

कौतुकही तितकेच नेमके असावे. “कपाचा कान जिथे जोडला जातो ती जागा नीट पाहिली आहेस” असे म्हटले, की ते पाहणे तो पुढच्या कागदावरही करतो. मोघम शाबासकीने मूल क्षणभर खूश होते. पुढच्या कागदावर काय राखायचे, ते त्याला कळत नाही.

वर्गात प्रौढ विद्यार्थी असतील, तर त्यांच्याशी “तुम्ही”, “काका”, “ताई” असे बोलावे आणि चूक शक्यतो चारचौघांत सांगू नये. शाळकरी मुलांना चूक दाखवली जाण्याची पटकन सवय होते. निवृत्तीनंतर पेन्सिल हाती घेतलेली व्यक्ती एका जोरात उच्चारलेल्या वाक्याने वर्ग सोडून जाऊ शकते. तिने या वयात शिकायचे ठरवले आहे, याचा मान आपल्या आवाजात असायला हवा.

९. त्याच्या कागदावर आपला हात चालवू नये

विद्यार्थ्याची रेषा खोडून तेथे आपली सफाईदार रेषा काढून देणे सोपे असते, आणि पालकांनाही ते आवडते. पण त्या क्षणी ते चित्र त्याचे राहत नाही, आणि पुढच्या वेळी तो अडचण आली की कागद आपल्यापुढे सरकवतो. दाखवायचेच असेल तर ट्रेसिंग पेपरवर किंवा कागदाच्या कडेच्या मोकळ्या जागेत लहान आकृती काढावी, आणि ती मुद्दाम अपुरी सोडावी.

१०. फोनवरून आलेले चित्र तपासताना

फोटोतून आलेले चित्र जसेच्या तसे खरे मानू नये. फोन तिरका धरला तर कागद समलंब चौकोनासारखा दिसतो आणि त्यातले भांडे एका टोकाला निमुळते होते. फार जवळून घेतलेल्या फोटोतही कागदाचे आकार बिघडतात. म्हणून आधी सूचना द्यावी: कागद उभा टेकवावा, फोन त्याला समांतर धरावा, थोडे मागे जाऊन मग झूम करावे, खिडकीच्या उजेडात घ्यावे, कागदाचे चारही कोपरे दिसावेत, आणि सोबत वस्तूंचा, बसल्या जागेवरून घेतलेला फोटो पाठवावा. कागदाचे कोपरे काटकोनात दिसत नसतील, तर प्रमाणाबद्दल काहीही लिहू नये. दुसरा फोटो मागवावा.

११. हमखास भेटणारे काही सापळे

पुस्तिकेतून उतरवलेले चित्र. बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तिकांतली तयार वस्तुचित्रे पाहून काढलेला कागद बहुधा फार नीटनेटका असतो. त्यावर अभिप्राय देता येत नाही, कारण पाहणे घडलेलेच नसते. “ही किटली घरी आहे का? उद्या घेऊन ये,” एवढे म्हणावे.

श्रेणीचा प्रश्न. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळत असल्यामुळे पालक एका कागदावरून “ए श्रेणी येईल का?” असे विचारतात. एका कागदावरून ते सांगता येत नाही, आणि सांगितले तर मूल पाहणे सोडून श्रेणीचा विचार करू लागते. पालकांना तारखा घातलेले आधीचे आणि आताचे दोन कागद शेजारी ठेवून दाखवावेत.

शेजारच्याशी तुलना. दोन मुले एकाच मांडणीच्या दोन बाजूंना बसलेली असतात, त्यांना दिसणारे आकारही वेगळे असतात. त्यामुळे ही तुलना मनाला लागतेच, शिवाय तर्काने चुकीचीही असते.

१२. पुढचा सराव देऊन मोकळे व्हा

अभिप्रायाच्या शेवटी एक लहान, त्याच दिवशी पूर्ण होईल असे काम द्यावे: “उद्या फक्त तीन पेले, तीन वेगवेगळ्या उंचीवर ठेवून. छटा नको.” कागदाच्या मागे तारीख आणि सांगितलेली एक दुरुस्ती लिहून ठेवावी. पुढचा कागद आला की आधी तेवढीच दुरुस्ती पाहावी. ती सलग दोन-तीन कागदांत दिसली तर वहीतली पुढची टिपण काढावी. दिसली नाही, तर तेच वाक्य मोठ्या आवाजात सांगण्याऐवजी दाखवण्याची रीत बदलावी: बोलून सांगितले असेल तर ट्रेसिंग पेपरवर दाखवावे, ट्रेसिंगवर दाखवले असेल तर पाण्याचा पेला त्याच्या हातात द्यावा. रेषा, लंबवर्तुळ आणि खोके हे सराव पूर्ण निर्दोष होईपर्यंत अडवून धरू नयेत. चुका कुठे आहेत हे विद्यार्थी स्वतः दाखवू लागला की त्याला भांड्यांच्या मांडणीकडे जाऊ द्यावे, आणि वर्गाच्या सुरुवातीची काही मिनिटे या जुन्या सरावांसाठी राखून ठेवावीत.